निव्वळ वजन

पावणेतीनला जाग आली. वाटलं, कूस बदलली की जाईल.
कूस बदलली. दुखण्यानंही बदलली.
उभा राहिलो, बसलो, शेवटी लादीवर ओणवा,
गुडघे नि कोपरं टेकून, कपाळ गारव्याला.
देवळातसुद्धा एवढा कधी वाकलो नव्हतो.
सुलक्षानं दिवा लावला, म्हणाली,
काय हरवलंय?

डाव्या बरगडीखालून जांघेपर्यंत
कुणीतरी ओला दोर पिळत होतं.
मध्येच सोडायचं. तेवढ्यात मी घाम पुसायचो,
एकदा तर हसलोही, गेलं म्हणून.
मग मोरीत दोनदा ओकलो.

कुडचड्यात त्या वेळी जागा असतो फक्त पोदेर.
आग्नेलनं भट्टी पोरावर सोडली,
व्हॅनीत मागे पावांच्या पोत्यांत मला निजवलं.
उंडे नुकतेच निघाले होते.
एक पोतं ओढून कुशीला धरलं, घट्ट,
तर त्या उबेनं
दोराचा एक पीळ उलगडला, खरंच उलगडला.
औषधाचा पहिला डोस तो.
दुसरा कमरेत, सुईनं.

रात्रपाळीची डॉक्टर पोरसवदा, बार्रेटो म्हणून.
पडद्यावर काळ्यापांढऱ्या धुक्यात बोट ठेवलं:
फातर. चार मिलिमीटर. आपणच येयत भायर.
पाणी प्या. गोळी दुखणं चढायच्या आधी घ्या,
चढल्यावर नव्हे.
ताप आला, थंडी वाजली, लघवी अडली,
तर थांबू नका, रात्र असो की फेस्त असो.
आणि गाळून बघत जा. आला की घेऊन या.

चार मिलिमीटर!
सव्वीस वर्षं मी वजनकाट्यावर बसलो, बाई,
सावर्ड्याच्या रस्त्यावर, तांबड्या धुळीत.
भरलेला ट्रक, वजा रिकामा ट्रक, बाकी निव्वळ.
डोंगरच्या डोंगर माझ्या निळ्या शाईतून उतरले,
जेटीवर गेले, बार्जीत चढले,
जुवारीवरून दिसेनासे झाले.
एकही दुखला नाही मला.

हे तिला म्हणालो नाही. गुंगी चढत होती.

मग वही काढली, जुनीच, खाणीची, मागची पानं कोरी.
सकाळी सहा, दोन तांबे.
नऊ, कुळथाचं कढण, मीठ नको म्हणाली तरी थोडं.
साडेअकरा, शहाळं.
आग्नेलची आई कुंपणावरून: बियर दी ताका!
(नोंद नाही.)
रात्री झोपताना ती नळी सैल करणारी गोळी,
उठताना भिंत धरायची, चक्कर येते.
चौथ्या दिवशी पुन्हा दोर. गरम पाण्याची पिशवी. पन्नास मिनिटं.
सातव्या दिवशी काहीच नाही, आणि त्याचीच भीती.
चहाची गाळणी आता माझी.
सुलक्षानं दुसरी आणली, वर लाल दोरा बांधला,
चुकू नये म्हणून.

अकराव्या दिवशी, दुपारी,
सगळी दुकानं झोपलेली, रस्त्यावर एक कुत्रं,
आग लागल्यासारखी एक कळ
आणि गाळणीत
टक्.

एवढंच. तांदळाच्या कणीहून थोडा मोठा,
तपकिरी, एका बाजूनं काटेरी.
धुतला. सुलक्षा चष्मा लावून आली.
हा? म्हणाली. ह्याच्यासाठी?

डॉक्टरकडे द्यायच्या आधी, राहवेना म्हणून,
रोहिदास शेटच्या पेढीवर गेलो.
सोन्याचा काटा, काचेच्या पेटीतला,
श्वास सोडला तरी आकडा हलतो.
खडा आहे, म्हटलं. वजन करा.
शेटनं भिंग लावलं, उजेडात धरला:
कुठल्या राशीचा?

शून्य पूर्णांक शून्य सहा.

घरी येऊन लिहिलं तेवढं.
शेजारी भरलेल्याचा रकाना, रिकाम्याचा रकाना,
दोन्ही तसेच राहिले.
सुलक्षानं तांब्या पुढे सरकवला.
आता कशाला, म्हटलं.
ती काही बोलली नाही, तांब्याही उचलला नाही.
भट्टीवर आग्नेल कुणावर तरी ओरडत होता.
त्या पहाटेच्या चेपलेल्या उंड्यांचे पैसे
अजून तो घेत नाही.